चालणे, बोलणे, वाचणे : बालविकासाचे टप्पे आणि घराचा वेळ

रायपूर १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्याची राजधानी झाले; शहराचा इतिहास मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. महामाया मंदिर, दूधाधारी मठ आणि बुढा तलाव यांच्या परिसरातील पुरानी बस्ती हा त्याचा जुना भाग होय. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगडचा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याशी संबंध होता आणि त्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. १९०० मध्ये 'छत्तीसगड मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे आणि त्याचे प्रकाशक, सहकारी चळवळीचे या प्रदेशातील प्रवर्तक वामनराव लाखे ही याच परंपरेतील नावे होत. आजही येथील मराठी घरात जन्मलेल्या मुलाच्या कानावर घरात मराठी, गल्लीत छत्तीसगडी आणि शाळेत हिंदी अशा तीन भाषा पडतात.

उदाहरणादाखल अशा एका घराची कल्पना करू. घरात पहिले अपत्य आले आहे. पित्याने एक वही केली असून बाळ हसले कधी, पालथे पडले कधी, बसले कधी, याच्या तारखा तो तीत लिहितो. शेजारच्या घरातील त्याच वयाचे मूल उभे राहू लागले की त्याची काळजी वाढते. या वहीत तीन प्रश्न वारंवार येतात : बाळ चालेल कधी, बोलेल कधी आणि वाचेल कधी? हे प्रश्न वरवर पाहता खासगी आहेत. परंतु त्यांची उत्तरे शोधू लागल्यास मानवी भांडवल, सार्वजनिक खर्च, स्त्रियांचे श्रम आणि राज्यघटनेतील बालकाचे स्थान हे विकासाच्या अर्थशास्त्रातील विषय क्रमाने पुढे येतात.

अशा वहीची परंपराही जुनी आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या वाढीची टिपणे ठेवली होती. त्यांच्या आधारे त्यांनी लिहिलेला लेख १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. बालमानसशास्त्राच्या आरंभीच्या लेखनात त्याची गणना होते. मात्र एका मुलाच्या नोंदीवरून सर्व मुलांविषयी नियम सांगता येत नाही. त्यासाठी मोठ्या संख्येने मुलांचे निरीक्षण करावे लागते.

पहिला प्रश्न : चालेल कधी?

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ मध्ये सहा शारीरिक टप्प्यांची प्रमाणके प्रसिद्ध केली. त्यांनुसार आधाराशिवाय बसण्याचा टप्पा ३.८ ते ९.२ महिने, हात व गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५ महिने आणि स्वतंत्रपणे चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने या कालावधीत येतो. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारे मूल ही दोन्ही सामान्य विकासाच्या मर्यादेतच असतात. याच अभ्यासात ४.३ टक्के मुले हात व गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, असेही आढळले.

यावरून विद्यार्थ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. सरासरी ही एक संख्या असते, तर प्रमाणक हा एक पट्टा असतो. पालकाची चिंता बहुधा सरासरीशी तुलना केल्याने निर्माण होते. वैद्यकीय निर्णय मात्र पट्ट्याच्या आधारे घेतला जातो. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण प्रसिद्ध असली, तरी लवकर पडलेल्या पहिल्या पावलावरून मुलाच्या पुढील बुद्धिमत्तेचा अंदाज बांधता येत नाही.

भारतीय मुलांसाठी स्वतंत्र मापन तयार करण्याचे महत्त्वाचे काम बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी केले. परदेशी मापनश्रेणीतील कसोट्या भारतीय बाळांवर तपासून 'बडोदा प्रमाणके' निश्चित करण्यात आली. त्यांची सुधारित मापनश्रेणी १९९७ मध्ये आली. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या कारक व मानसिक विकासाच्या मूल्यमापनासाठी ती उपयोगात आणली जाते.

पट्टा रुंद आहे याचा अर्थ विलंबाकडे दुर्लक्ष करावे, असा मात्र नाही. पट्ट्याच्या बाहेर गेलेल्या मुलाची वेळेवर तपासणी होणे अत्यंत आवश्यक असते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम याच हेतूने आखलेला आहे. जन्मजात दोष, आजार, पोषणातील कमतरता आणि विकासातील विलंब या चार गटांतील विकारांसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अपेक्षित असून, पुढील उपचारांसाठी जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे.

दुसरा प्रश्न : बोलेल कधी?

भाषेचा विकास पहिल्या शब्दाच्या बराच आधी सुरू होतो. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिंदीतील 'त' आणि 'ट' यांसारख्या ध्वनींचा उपयोग केला होता. इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा भेद ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांची ही क्षमता मात्र बरीच ओसरली होती, कारण त्यांच्या घरच्या भाषेत या भेदाला स्थान नव्हते. पहिल्या वर्षातच बाळाचा कान घरच्या भाषेनुसार घडू लागतो, असा याचा अर्थ आहे.

पुरानी बस्तीतील मराठी घराला हा निष्कर्ष थेट लागू पडतो. मराठीतील 'ळ' हा ध्वनी प्रमाण हिंदीत नाही. रायपूरमधील मराठी बाळाला तो बहुतांशी घरातील माणसांच्या तोंडूनच ऐकू येणार. घरात 'बाळ', 'डोळा', 'केळे' हे शब्द सहज बोलले गेले, तरच तो त्याच्या कानात रुजेल. घरात तीन भाषा असल्या तर मूल गोंधळेल व उशिरा बोलेल, अशी भीती अनेक पालकांना वाटते. परंतु एकापेक्षा अधिक भाषा ऐकल्याने भाषिक विकार होत नाही. अशा मुलाची शब्दसंख्या मोजताना सर्व भाषांतील शब्द एकत्र धरावे लागतात, एवढेच.

काही लक्षणे मात्र गांभीर्याने घ्यावी लागतात. बाराव्या महिन्यापर्यंत बडबड नसणे किंवा बोटाने दाखवणे व हात हलवून निरोप देणे यांसारख्या खुणा नसणे, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून न बोलणे आणि कोणत्याही वयात आलेले बोलणे नाहीसे होणे ही ती लक्षणे होत. अशा वेळी 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात' असे म्हणून थांबण्याऐवजी सर्वप्रथम श्रवणक्षमतेची तपासणी करून घ्यावी. ऐकू न येणाऱ्या मुलाचे गेलेले प्रत्येक वर्ष भाषेच्या दृष्टीने महाग पडते.

बाळाला भाषा केवळ ऐकून येत नाही, देवाणघेवाणीतून येते. बाळ आवाज काढते, मोठे माणूस त्याला उत्तर देते, बाळ पुन्हा आवाज काढते. ही फेरी भाषेचा पाया घालते. दूरचित्रवाणी किंवा भ्रमणध्वनीचा पडदा अखंड बोलत असला, तरी बाळाच्या हुंकाराला तो उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवणे इष्ट नाही.

तिसरा प्रश्न : वाचेल कधी?

या प्रश्नाभोवती मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. चित्रफिती, अक्षरपट्ट्या व भ्रमणध्वनीवरील उपयोजने यांच्या साहाय्याने तान्हे मूलही वाचू लागेल, असे आश्वासन पालकांना दिले जाते. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत नऊ ते अठरा महिन्यांच्या ११७ बाळांचा अभ्यास झाला. त्यातील एका गटाने अशा साधनांचा सात महिने वापर केला. चौदा कसोट्यांपैकी तेरांमध्ये दोन गटांत फरक आढळला नाही. जो एक फरक आढळला, तो बाळ शिकत असल्याच्या पालकांच्या समजुतीत होता.

अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. वस्तूचा खरा उपयोग विक्रेत्यास ठाऊक असतो. ग्राहकास तो सहजी तपासता येत नाही. येथे तर ग्राहक पालक आहे आणि उपभोक्ता न बोलणारे बाळ आहे. अशा बाजारात किंमत गुणवत्तेची खूण ठरत नाही.

मग बाळासाठी वाचन म्हणजे काय? सहा महिन्यांचे बाळ पुस्तक तोंडात घालते. वर्षाच्या सुमारास ते जाड पाने एकदम उलटते व चित्रावर हात आपटते. दीड वर्षाचे मूल विचारलेल्या चित्रावर बोट ठेवते, दोन वर्षांचे चित्राचे नाव सांगते आणि तीन वर्षांचे मूल ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगू पाहते. या सर्व काळात त्याला एकही अक्षर येत नसते; तरीही पुस्तकात अर्थ असतो, तो क्रमाने उलगडतो आणि तो दुसऱ्यास सांगता येतो, हे वाचनाचे मूलतत्त्व त्याला उमगलेले असते. बडबडगीतांतील यमकांमुळे शब्दांतील ध्वनी वेगळे ऐकण्याची सवय लागते आणि पुढे अक्षर व उच्चार यांची जोडी बसवताना ती उपयोगी पडते. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा व जोडाक्षरे मिळून चिन्हांची संख्या मोठी असल्याने हे काम शाळेच्या पहिल्या काही वर्षांत सावकाशच होते. ते तिसऱ्या वर्षी उरकण्याची घाई केल्यास मूल अक्षरे गिरवू लागते, परंतु अर्थापासून दुरावते.

या मुद्द्याला राष्ट्रीय संदर्भ आहे. २०२४ च्या असर पाहणीनुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. या अपयशाची सर्व कारणे शाळेत शोधणे अपुरे ठरते. जे मूल समृद्ध तोंडी भाषा घेऊन पहिलीत येत नाही, त्याच्यासमोर अपरिचित भाषा आणि अपरिचित लिपी असे दोन अडथळे एकाच वेळी उभे राहतात. घरी केवळ छत्तीसगडी ऐकून हिंदीच्या पाठ्यपुस्तकाला सामोऱ्या जाणाऱ्या मुलाची अडचण नेमकी हीच असते.

अर्थशास्त्राचा प्रश्न : वेळ कोणाचा?

वरील तीन उत्तरांचा धागा एकच आहे. बाळाला पोषण, आरोग्य व सुरक्षितता यांखेरीज जे लागते, ते म्हणजे त्याला प्रतिसाद देणारे माणूस. २०१८ च्या 'संगोपन आराखड्या'त जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व जागतिक बँक यांनी उत्तम आरोग्य, पुरेसे पोषण, सुरक्षितता, प्रतिसादक्षम संगोपन आणि आरंभीच्या शिक्षणाच्या संधी असे पाच घटक मांडले. त्यांतील शेवटच्या दोहोंची किंमत पैशापेक्षा वेळेत मोजावी लागते.

या वेळेचे मोल किती, याचा पुरावा जमैकातील अभ्यासातून मिळतो. किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये खुरटलेल्या १२९ बालकांची निवड करण्यात आली. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात, घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी नेत आणि बाळाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवीत. सुमारे वीस वर्षांनी या मुलांचे उत्पन्न तुलनेच्या गटापेक्षा २५ टक्के अधिक असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. नमुना लहान असल्याने हा आकडा सर्वत्र जसाच्या तसा लागू करता येणार नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे. नोबेल पुरस्कारप्राप्त अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांच्या मांडणीनुसार आधीचे कौशल्य पुढील कौशल्य मिळवणे सोपे करते आणि म्हणून आरंभीच्या गुंतवणुकीचा परतावा अधिक असतो. भारतात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुरटलेली असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) मध्ये नोंदले गेले. त्यामुळे जमैकाचा अनुभव आपल्याला परका नाही.

आता हा वेळ येतो कोठून? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींची देखभाल करीत होत्या व त्यांचा त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटे वेळ जात होता. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के व वेळ ७४ मिनिटे होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत या श्रमांना स्थान नाही.

बाळाशी बोलण्यासाठी बहुतेक वेळा वेगळा वेळ काढावा लागत नाही. तेल लावताना, न्हाऊ घालताना, तांदूळ निवडताना, भरवताना बोलता येते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे संयुक्त उत्पादन होय. एकाच वेळेतून अंघोळही होते आणि भाषाही. अट एवढीच, की मोठे माणूस बाळाजवळ असले पाहिजे. आई बांधकामावर किंवा चार घरी धुण्याभांड्याला गेली असेल, तर बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. अशा वेळी दोन मुलांचे नुकसान होते : धाकट्याचा संवाद आणि थोरलीची शाळा. संवादाचे महत्त्व आईला पटवून देणारी केवळ जाहिरात येथे निरुपयोगी ठरते, कारण या आईकडे माहितीहूनही वेळ कमी आहे. म्हणून पाळणाघर ही सार्वजनिक गुंतवणुकीची बाब ठरते. तिचा लाभ बाळ, बहीण व आई या तिघांना मिळतो आणि पुढे समाजालाही. मात्र तिचा पूर्ण खर्च गरीब कुटुंब स्वतःच्या मिळकतीतून उचलू शकत नाही.

राज्यघटना, कायदे आणि योजना

या क्षेत्रातील भारतीय प्रयत्नांचे मूळ महाराष्ट्रात सापडते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ पासून ते डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे विस्तारले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी होत्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच शाळाच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' या शब्दामागे हा अनुभव आहे. पुढील घडामोडी परीक्षेच्या दृष्टीने क्रमाने लक्षात ठेवाव्यात :

- २ ऑक्टोबर १९७५ : एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा.
- २००२ : ८६ वी घटनादुरुस्ती. ६ ते १४ वयोगटासाठी कलम २१ अ अन्वये शिक्षणाचा मूलभूत हक्क; सहा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या संगोपन व शिक्षणाचा समावेश कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत.
- २०१३ : राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरण, तसेच राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, ज्यात सहा महिने ते सहा वर्षे वयोगटाच्या पोषणाचा हक्क.
- २०१५ : विधी आयोगाचा २५९ वा अहवाल. सहा वर्षांखालील मुलांसाठी मूलभूत हक्कांच्या भागात नवे कलम २४ अ घालण्याची शिफारस.
- २०१७ : मातृत्व रजा २६ आठवडे, ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट.
- २०२० : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा.
- २०२१ : मूलभूत वाचन व गणनासाठी निपुण भारत अभियान.
- २०२४ : जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' व तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' हे राष्ट्रीय आराखडे.

या क्रमात एक उणीव ठळकपणे दिसते. तीन वर्षांपुढील मुलासाठी अंगणवाडीत प्रत्यक्ष जागा आहे. तीन वर्षांखालील मुलापर्यंत मुख्यतः शिधा, लस व गृहभेट पोहोचते. दिवसभर सांभाळणारे माणूस पोहोचत नाही. मातृत्व रजेची तरतूदही असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य स्त्रियांच्या हाती येत नाही. म्हणजे मेंदूची वाढ ज्या वयात सर्वांत वेगाने होते, त्याच वयात सार्वजनिक सेवा सर्वांत विरळ आहे.

या उणिवेवरील एक उत्तर छत्तीसगडमध्येच आढळते. राज्यात २००२ पासून 'मितानिन' ही गावपातळीवरील आरोग्यसेविकांची योजना आहे. राष्ट्रीय पातळीवरील 'आशा' योजना त्यानंतर, २००५ मध्ये आली. २०१२ मध्ये सरगुजा भागात मितानिनांच्या साहाय्याने 'फुलवारी' ही लोकसहभागातून चालणारी पाळणाघरे सुरू झाली. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना तेथे ठेवले जाते, गरम आहार दिला जातो आणि गावातील माता आळीपाळीने मुलांना सांभाळतात. इतर माता त्या वेळी शेतात किंवा मजुरीवर जाऊ शकतात. वेळेच्या टंचाईवर वेळेची सामूहिक वाटणी हा उपाय येथे योजलेला दिसतो. आदिवासी गावातील हा नमुना पुरानी बस्तीसारख्या शहरी वस्तीत जसाच्या तसा चालणार नाही. तेथे कामाचे तास व शेजारसंबंध निराळे असतात. तरीही अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवणे हे त्याच तत्त्वाचे शहरी रूप होऊ शकते आणि केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अशा अंगणवाडी-सह-पाळणाघरांची तरतूद आहे.

समारोप

आरंभी उल्लेख केलेल्या वहीकडे पुन्हा वळणे उचित ठरेल. पित्याने तीत बाळाने काय केले, याच्या तारखा लिहिल्या. त्या उपयुक्त आहेत. विलंब असल्यास डॉक्टरांना त्यांची मदतच होईल. मात्र तीत आणखी एक रकाना हवा : आज बाळाशी कोण बोलले आणि किती वेळ? त्या रकान्यात रोज केवळ आईचे नाव येत असेल, तर पित्याच्या चिंतेचे उत्तर त्याच्या स्वतःच्याच दिनक्रमात आहे. आणि तो रकाना रिकामा राहत असेल, तर ते बाळाचे मागासलेपण नसून त्या घराकडे असलेल्या वेळेची टंचाई आहे. ही टंचाई मोजणे आणि ती भरून काढण्यासाठी सार्वजनिक साधनांची तरतूद करणे हे विकास नियोजनाचे काम आहे. चालणे, बोलणे आणि वाचणे हे टप्पे बाळाचे असले, तरी त्यांतील पहिले पाऊल कुटुंबाने आणि शासनाने उचलावयाचे असते.